दरवर्षी थंडीतच टाकी हिरवी का व्हायची

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या घरी सोप्यात माशांची टाकी आहे. दोन बाय एक बाय एक फुटाची, म्हणजे आत साधारण ५० लिटर पाणी. व्हॅलिसनेरियाच्या लांब पात्या, कोपऱ्यात झुडपासारखा वाढलेला वॉटर विस्टेरिया, लाकडाला बांधलेलं जावा फर्न, दोन अनुबियास आणि डझनभर लहान मासे. पावसाळ्यात ही टाकी इतकी नितळ असते की आत पाणी आहे की नाही असं वाटावं. आणि तुळशीचं लग्न होऊन पंधरा दिवस झाले की पुढच्या काचेवर हिरवी साय धरायची, विस्टेरियाच्या पानांना केसांसारखे तंतू लोंबायचे. डिसेंबरात तर झाड कुठलं आणि शेवाळ कुठलं हे सांगता यायचं नाही.

सलग तीन वर्षं हे झालं. दर वेळी मी टाकी पूर्ण रिकामी केली, वाळू बादलीत धुतली, जुनी झाडं टाकून नवी आणली. फेब्रुवारी सरता सरता शेवाळ कमी व्हायचं आणि शेवटचा जो उपाय केला असेल त्याला मी श्रेय द्यायचे. पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा तेच. दिवाळीला पाहुणे येतात, पोरं टाकीत शेवेचे तुकडे टाकतात, त्यानं पाणी बिघडतं, असं मी धरून चालले होते. एका वर्षी टाकीवर जाळी बांधून ठेवली. शेवाळ आलंच.

कारण सापडलं ते तापामुळे. मी शाळेत शिकवते, सकाळी जाते ती संध्याकाळीच परत येते. रविवारीही दुपारी मी आतल्या खोलीत असते. चौथ्या वर्षी डिसेंबरात ताप आला म्हणून चार दिवस सोप्यातल्या कॉटवर पडून होते. दुपारी तीनच्या सुमाराला डोळे उघडले तर छतावर उन्हाची जाळी हलत होती. विहिरीवर ऊन पडलं की आतल्या भिंतीवर हलते ना, तशीच. उठून बघितलं तर टाकीवर थेट ऊन आलेलं, आणि पाण्यात झाडांच्या पानापानावर बारीक बुडबुडे. दीड तास ते ऊन टाकीवरून हललं नाही.

आमची खिडकी दक्षिणेला आहे आणि टाकी तिच्यापासून तीन फुटांवर, पूर्वेच्या भिंतीला. टाकी ठेवली ती मे महिन्यात. तेव्हा मी ऊन येतं का हे दिवसभर बघितलं होतं. येत नव्हतं, आणि मे महिन्यात येणारच नव्हतं. बेळगाव साधारण १५.८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भर दुपारी सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीत ऊन उतरत नाही. त्यात जूनपासून आभाळ भरलेलं. मग सूर्य दक्षिणेकडे कलत जातो, पाऊस ओसरतो, आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तर भर दुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम ५१ अंश वर असतो. सज्जाखालून ऊन सरळ खोलीत शिरतं. कडक उन्हाचा उजेड एक लाख लक्सपर्यंत जातो. टाकीवरचा साधा एलईडी त्याच्या पासंगालाही पुरत नाही. पन्नास लिटरच्या टाकीला रोजचा दीड तास ऊन म्हणजे शेवाळाला ताट वाढून ठेवल्यासारखं आहे.

मी तीन गोष्टी केल्या. खिडकीला जाड पडदा लावला, टाकीच्या मागच्या आणि खिडकीकडच्या काचेला बाहेरून काळा चार्ट पेपर चिकटवला, आणि दिव्याचे तास नऊवरून सहावर आणले. टाकी हलवली नाही. भरलेली दोन फुटी टाकी वाळू-दगडांसकट साठ-सत्तर किलोची होते आणि तशी हलवली तर तिचे सांधे सुटतात. तीन आठवड्यांत तंतूंची वाढ थांबली. बाकी काहीही बदललं नव्हतं. तीच वाळू, तेच पाणी, तेच मासे.

शेवाळाची तक्रार घेऊन कोणी आलं की मी आता पहिलं हे विचारते: ते कधी येतं? उपाय नंतर. एकदाच आलेलं शेवाळ नव्या टाकीचं बाळसं असू शकतं. पुन्हा पुन्हा येणाऱ्या शेवाळाचं मात्र वेळापत्रक असतं, आणि घरातल्या कुठल्या तरी गोष्टीचं वेळापत्रक त्याच्याशी जुळत असतं. एक साधी वही ठेवा. पाणी कधी बदललं, फिल्टर कधी धुतला, खत कधी घातलं, नवे मासे कधी आणले, करंट किती वेळ गेला, आणि शेवाळ कधी दिसलं. दोन-तीन महिन्यांची पानं उलटली की बहुतेक वेळा उत्तर त्यातच मिळतं.

कोणतं शेवाळ आहे ते आधी बघा

आपल्याकडे खेड्यात तळ्यातल्या हायड्रिला या पाणवनस्पतीलाही शेवाळच म्हणतात, त्यामुळे फोनवर कोणी "टाकीत शेवाळ झालंय" म्हटलं की मी फोटो मागते. टाकीत त्रास देणारी पाच-सहा प्रकारची शेवाळं असतात आणि प्रत्येकाची तक्रार वेगळी असते.

तपकिरी पावडर काचेवर आणि पानांवर बसली असेल, बोटानं पुसली की निघत असेल, आणि टाकी महिना-दोन महिन्यांची असेल, तर ते डायटम. काही करू नका. पुसा, पाणी बदला, वाट बघा. काही आठवड्यांत ते आपोआप जातं. नवी टाकी लावलेले लोक नेमके याच वेळी घाबरून सगळं उपसतात आणि पहिल्यापासून सुरुवात करतात. मग डायटमही पहिल्यापासून सुरू होतं.

काचेवर घट्ट हिरवे ठिपके असतील, नख लावूनही निघत नसतील, तर ते ग्रीन स्पॉट. दिवा फार वेळ चालू राहतो किंवा पाण्यात फॉस्फेट फारच कमी आहे, असा त्याचा अर्थ. काच असेल तर ब्लेडनं खरवडा. अॅक्रिलिकच्या टाकीला ब्लेड लावू नका, ओरखडे कायमचे राहतात.

सगळं पाणीच पालकाच्या रसासारखं हिरवं झालं असेल तर ते पाण्यात तरंगणारं एकपेशी शेवाळ. यात पाणी बदलून फारसा फरक पडत नाही, उरलेलं शेवाळ दोन दिवसांत पुन्हा तेवढंच होतं. टाकी जाड चादरीनं तीन-चार दिवस पूर्ण झाका, मधे डोकावू नका, हवेचा पंप चालू ठेवा, खाणं देऊ नका. निरोगी मोठे मासे तेवढे दिवस आरामात राहतात. चादर काढल्यावर अर्धं पाणी बदला, कारण मेलेलं शेवाळ कुजून अमोनिया सोडतं.

निळसर हिरवा, बुळबुळीत थर वाळूवर आणि झाडांवर गोधडीसारखा पसरला असेल, एका टोकाला धरून उचलला की अख्खा निघून येत असेल आणि वास मारत असेल, तर ते शेवाळ नव्हेच. ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे उजेडावर जगणारे जीवाणू. नळीनं शोषून काढा, वाळूतला गाळ काढा, ज्या कोपऱ्यात पाणी हलत नाही तिथे फिल्टरचं तोंड वळवा, आणि वरच्यासारखा तीन दिवसांचा काळोख द्या. यावर माणसांच्या अँटिबायोटिक गोळ्या टाकायचा सल्ला फिरत असतो. मी तो कुणालाही देत नाही. त्या गोळ्या फिल्टरमधल्या उपयोगी जीवाणूंनाही धक्का देतात, आणि टाकीतलं पाणी शेवटी आपल्याच गटारीत जातं.

तंतूंचं शेवाळ, ज्याला सगळे हेअर अल्गी म्हणतात, ते दातांच्या जुन्या ब्रशभोवती शेवया गुंडाळाव्यात तसं गुंडाळून काढता येतं. माझ्या टाकीत हेच होतं. कारण बहुधा उजेड.

राहिलं ब्लॅक बिअर्ड, काळी दाढी. त्यावर पुढे सविस्तर लिहिते, कारण लोक सर्वांत जास्त तिथेच हरतात.

टायमरची भानगड

निपाणीजवळ राहणाऱ्या माझ्या आतेभावाची टाकी शेडमध्ये, तिथे खिडकीच नव्हती, ऊन शक्यच नव्हतं, तरी दर उन्हाळ्यात काच हिरवी. दिवा टायमरवर होता, दुपारी चार ते रात्री दहा. एप्रिल-मेमध्ये वळीव सुरू झाला की संध्याकाळी वारं सुटतं आणि करंट जातो, कधी तासभर, कधी तीन-चार तास. त्याचा टायमर चक्रीचा, खुंट्या दाबून वेळ लावायचा. करंट गेला की ती चक्री जागच्या जागी थांबते आणि आला की तिथूनच पुढे सुरू होते. म्हणजे दर खेपेला टायमर तेवढा मागे पडतो. महिन्याभरात त्याचा दिवा रात्री साडेदहाला लागायचा आणि पहाटे साडेचारला विझायचा. घरातले सगळे झोपलेले, कोणाला पत्ता नाही. सकाळी शेडचा मोठा दरवाजा उघडला की दिवसभर बाहेरचा उजेड, वर रात्री हे सहा तास. टाकीला काळोख असा मिळतच नव्हता.

"अरे, टायमरवरची वेळ आणि तुझ्या घड्याळातली वेळ जरा जुळवून बघ की," म्हटलं तर दोन्हींत साडेसहा तासांचा फरक निघाला.

बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या, करंट गेला तरी त्याची वेळ चालू राहते. चक्रीचाच असेल तर दर रविवारी घड्याळाशी जुळवा. आणि घरी इन्व्हर्टर असेल तर त्यावर फिल्टर किंवा हवेचा पंप लावा, दिवा नको. दिवा चार तास बंद राहिला तर झाडांचं काही बिघडत नाही, पण फिल्टर बराच वेळ बंद राहिला की आतल्या जीवाणूंना प्राणवायू मिळत नाही आणि ते मरायला लागतात.

तास किती? नव्या टाकीला सहा. आपण घरी असतो तेव्हाचे सहा, म्हणजे टाकी बघायलाही मिळते. झाडं जोमानं वाढायला लागली की आठवड्याला अर्धा तास वाढवत आठपर्यंत न्या. त्यापुढे जाण्याची गरज मला त्या डिसेंबरानंतर कधी पडलेली नाही.

मातीत शेणखत, पाण्यात युरिया

आपल्या भागात एक गोष्ट फार होते, आणि ती मनापासून सांगावीशी वाटते. खानापूरकडची तांबडी माती झाडांना चांगली असते, तिच्यात लोह भरपूर असतं. वाळूखाली तिचा थर दिला तर महागडी तयार माती आणायला लागत नाही. पण शेतातली माती आणताना लोक शेणखत घातलेल्या वाफ्यातली आणतात. पाण्याखाली ते खत कुजतं, अमोनिया सुटतो, आणि ज्या टाकीत अजून चार झाडंही रुजलेली नाहीत तिथे शेवाळाला रान मोकळं मिळतं. मासे वर येऊन तोंड मारायला लागतात ते वेगळंच.

माती पडीक जागेतली घ्या. चाळून खडे आणि मुळं काढा. बादलीत भिजवून वर तरंगणारा कचरा ओता, उन्हात वाळवा, आणि हे दोन-तीनदा करा. टाकीत तिचा एक इंचाचा थर पुरे, त्यावर दीड इंच धुतलेली जाड वाळू. नंतर झाड उपटून जागा बदलायची झाली तर हळू, माती वर आली की पाणी गढूळ आणि चार दिवसांत शेवाळ.

दुसरं युरियाचं. चिकोडी, संकेश्वर, हुक्केरीकडे घरोघरी ऊस आहे, त्यामुळे घरात युरियाची पिशवी असतेच. "उसाला चालतंय तर ह्या झाडांना का नको?" असं एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी मला विचारलं होतं, आणि तोवर चिमूटभर टाकूनही झालं होतं. युरियाचा पाण्यात अमोनियाच होतो. शेतात तो मोठ्या मातीत मुरतो, टाकीत तो माशांच्या कल्ल्यांपर्यंत जातो. डीएपी खताचंही तसंच. टाकीसाठी मिळणारं द्रवखत घ्या आणि बाटलीवर लिहिलेल्या मात्रेच्या अर्ध्यापासून सुरू करा.

इथे एक उलटी चूकही होते. शेवाळ दिसलं की लोक खत पूर्ण बंद करतात. झाडं उपाशी राहतात, जुनी पानं पिवळी होऊन विरघळतात, आणि अशा मरतुकड्या पानांवरच शेवाळ आधी बसतं. लिटरला १० ते २० मिलिग्रॅम नायट्रेट असलेल्या कितीतरी झाडांच्या टाक्या स्वच्छ चालतात. नुसत्या नायट्रेटचा बाऊ करू नका. अमोनिया आणि उजेड ही जोडी एकत्र आली की बघा.

फार स्वच्छतेनंही शेवाळ येतं

दर रविवारी फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पांढरा करणारी मीही होते. त्यात घोटाळा असा की माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून जो अमोनिया होतो, त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जीवाणू त्याच स्पंजात राहतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. म्हणजे दर रविवारी मी ते जीवाणू धुऊन टाकत होते आणि सोमवारी अमोनिया वाढवत होते. शेवाळाला एवढा अमोनिया पुरतो, माशांना काही दिसतही नाही. स्पंज धुवायचा तर टाकीतून काढलेल्या पाण्याच्याच बादलीत दोनदा दाबायचा, तोही प्रवाह कमी झाला तर.

पाणी मात्र नेमानं बदला. आठवड्याला एक चतुर्थांश, शेवाळ जोरात असेल तर एक तृतीयांश. बेळगाव शहराला नळाचं पाणी राकसकोप आणि हिडकल या दोन जलाशयांतून येतं. क्लोरीन घालवायला उघड्या बादलीत हवेचा पंप लावून चोवीस तास ठेवा, नाहीतर दुकानात मिळणारे हायपोचे खडे, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, पाकिटावर लिहिल्याप्रमाणे घाला. आमच्यासारखी जुन्या घरांतली विहीर असेल तर क्लोरीनचा प्रश्न नाही, पण त्या पाण्याची नायट्रेट आणि अमोनियाची तपासणी एकदा किटनं नक्की करा. गटारीच्या किंवा शेताच्या कडेच्या विहिरीत दोन्ही असू शकतात. मग तुम्ही पाणी बदलता म्हणजे प्रत्यक्षात खत घालत असता, आणि जितकं जास्त बदलाल तितकं शेवाळ वाढतं. यळ्ळूरकडच्या एका ओळखीच्यांचं कोडं असं सुटलं. पाणी बदललं की तिसऱ्या दिवशी काच हिरवी, हे त्यांच्या वहीत सहा वेळा लिहिलेलं होतं. पुढे त्यांनी पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी पिंपात धरून ते विहिरीच्या पाण्यात अर्धं-अर्धं मिसळायला सुरुवात केली.

काळी दाढी

अनुबियासच्या पानांच्या कडेला, लाकडावर, फिल्टरच्या तोंडाशी काळसर करडे झुपके. अर्ध्या सेंटिमीटरचे, पाण्याच्या ओघात डोलणारे, ओढून निघत नाहीत. पान फाटतं पण झुपका निघत नाही. रंग काळा असला तरी हे लाल शेवाळांच्या कुळातलं आहे. कापलेलं पान व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं तर ते लालसर होतं, तीच ओळख पटण्याची खूण.

हे येतं ते साचलेल्या गाळानं आणि कार्बन डायऑक्साइडच्या वरखाली होण्यानं. घरी साखर आणि यीस्टच्या बाटलीतून गॅस देणाऱ्यांच्या टाकीत हे हमखास दिसतं, कारण बाटली पहिल्या आठवड्यात जोरात चालते आणि तिसऱ्या आठवड्यात दमते. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी गॅसच्या वाटेला जाऊ नका. व्हॅलिसनेरिया, विस्टेरिया, क्रिप्टोकोरीन, जावा फर्न ही झाडं त्याशिवाय छान वाढतात.

उपाय असा. जास्त माखलेली पानं देठापासून कापा. अनुबियासचं पान हळू वाढतं म्हणून जीव होत नाही, पण कापा. उरलेल्या झुपक्यांवर हायड्रोजन पेरॉक्साइड. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या बाटलीवरचं लेबल आधी वाचा. तिथे ६ टक्के किंवा २० व्हॉल्यूम लिहिलेलं असेल तर त्यात तेवढंच पाणी मिसळून ३ टक्के करा. फिल्टर बंद करून पाणी स्थिर होऊ द्या, सुई काढलेल्या सिरिंजनं झुपक्याच्या अगदी जवळून हळूहळू सोडा. बारीक बुडबुडे उठतात. दहा मिनिटांनी फिल्टर सुरू करा. एका दिवसाची एकूण मात्रा टाकीतल्या दर चार लिटर पाण्यामागे १ मिलीच्या पुढे नेऊ नका, म्हणजे माझ्या टाकीला १२ मिली. दिवसाआड तीन-चार वेळा. कोळंबी, मॉस आणि व्हॅलिसनेरियाच्या अंगावर थेट सोडू नका.

चार-पाच दिवसांत झुपके गुलाबी होतात, मग पांढरे. ती गुलाबी छटा पहिल्यांदा दिसली तेव्हा मी शेजारच्या काकूंना बोलावून दाखवली होती. गुलाबी झालेलं शेवाळ मेलेलं असतं, मासे ते कुरतडायला लागतात. पण गाळ काढला नाही तर दोन महिन्यांत त्याच लाकडावर ते पुन्हा दिसतं. त्या बारा मिलीबरोबर टाकीचा तळ साफ करणं आणि खाणं निम्म्यावर आणणं हे धरलेलंच आहे.

बाटलीत मिळणाऱ्या लिक्विड कार्बननंही हे मरतं. त्यात ग्लुटराल्डिहाइड असतं, हातमोजे घालून वापरा, आणि व्हॅलिसनेरिया असेल तर वापरू नका. तिच्या पात्या वितळतात.

आता मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट. द्राक्षबागा आणि पानमळ्यांच्या भागातली माणसं बोर्डो मिश्रणामुळे मोरचुदाला सरावलेली असतात, आणि तळ्यातलं शेवाळ त्यानं मरतं हे खरंही आहे. टाकीत तो घालू नका. तांब्यानं गोगलगायी आणि कोळंबी मरतात, झाडं खंगतात, आणि मऊ पाण्यात तर माशांनाही ते थोड्या मात्रेत बाधतं. वाळूत बसलेलं तांबं नंतर सहजासहजी निघत नाही.

शेवाळ खाणारे मासे

"सकर सोडा की एक, सगळं साफ करतंय." हे वाक्य बहुतेक प्रत्येकानं ऐकलेलं असतं. दोन इंचाचा सकर गोड दिसतो. तो दीड फुटाचा होतो, मोठेपणी शेवाळाला तोंड लावत नाही, झाडं उपटतो, आणि एकटा इतकी घाण करतो की शेवाळ वाढतंच. मग टाकीत मावेना म्हणून लोक त्याला किल्ला तलावात नाहीतर मार्कंडेय नदीत नेऊन सोडतात. कृपा करून हे करू नका. हा मासा दक्षिण अमेरिकेतला. भारतात अनेक ठिकाणच्या पाण्यात तो असाच सुटून वाढला आहे, आणि त्याच्या काट्यांनी कोळ्यांची जाळी फाटतात, हातात येणारे स्थानिक मासे कमी होतात. नको असेल तर दुकानात परत द्या. टाकीतली झाडंही नदी-नाल्यात टाकू नका, वाळवून कचऱ्यात टाका.

सयामी अल्गी ईटर खरंच काळी दाढी खातो, पण तो सहा इंचांचा होतो, दोन फुटी टाकीत त्याची कोंडी होते. त्याच्या नावाखाली दुसरेच मासे विकले जातात. खऱ्या सयामीच्या अंगावरची काळी पट्टी शेपटीच्या टोकापर्यंत जाते. आमच्या टाकीला दोन नेराइट गोगलगायी पुरल्या. गोड्या पाण्यात त्यांची पिल्लं होत नाहीत, फक्त लाकडावर पांढरे ठिपक्यांसारखी अंडी घालतात, ती सोसायची.

मासे किती आणि कधी याबद्दल एवढंच: टाकी भरली त्याच दिवशी मासे सोडू नका. जीवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर झपाट्यानं वाढणारी झाडं भरपूर लावा, तळाचा निदान अर्धा भाग तरी हिरवा दिसला पाहिजे. हायड्रिला तळ्यातून आणलीत तर पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटं ठेवून, नीट धुऊन लावा, म्हणजे चतुराच्या अळ्या सोबत येत नाहीत. त्या लहान मासे खातात. आणि खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच.

आज टाकी हिरवी असेल तर

सगळं एकदम करू नका. एकाच दिवशी पाच गोष्टी बदलल्या तर कशानं फरक पडला हे कधीच कळत नाही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच. पहिल्या दिवशी हातानं निघेल तेवढं शेवाळ काढा, सडकी पानं कापा, तळाचा गाळ नळीनं ओढा, एक तृतीयांश पाणी बदला. दिवा सहा तासांवर आणा. मग एक सुट्टी टाकीजवळ बसून काढा, सकाळी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. कुठून उजेड येतो, किती वेळ, समोरच्या घराच्या पत्र्यावरून किंवा काचेवरून परतून येतो का, हे बघा. आमच्या गल्लीत एका घरी तसंच निघालं, समोरच्यांनी घरावर नवा पत्रा घातला आणि यांच्या टाकीत शेवाळ सुरू झालं.

मी त्या डिसेंबरात खडूनं सोप्याच्या फरशीवर उन्हाच्या तुकड्याची कड आखली आणि शेजारी तारीख घातली. दर रविवारी दुपारी तीनला एक रेघ. संक्रांतीनंतर रेघा खिडकीकडे सरकायला लागल्या. पुसल्या जाऊ नयेत म्हणून मोजून वहीत उतरवून ठेवल्या आहेत. आता पडदा नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी लागतो आणि होळीला निघतो.

फरक पडतोय की नाही हे जुन्या पानांवर बघू नका. ज्या पानावर शेवाळ घट्ट बसलं ते पान सहसा पुन्हा स्वच्छ होत नाही, ते कापायचंच असतं. विस्टेरियाच्या शेंड्याला आलेलं नवं पान बघा. पडदा लावल्यानंतर अठराव्या दिवशी तिथे फिकट पोपटी, कातरलेल्या कडांचं एक पान उलगडलं होतं आणि त्यावर एकही तंतू नव्हता. त्याच्या खालची चार पानं मी त्याच संध्याकाळी कापली.